यंत्राचे नाव नको, जुळणी कोणी तपासली ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘रोबोटने केली अवघड शस्त्रक्रिया’ अशा मथळ्याच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. सोबत यंत्राचे छायाचित्र असते, त्याच्या हातांची संख्या असते आणि रुग्ण कितव्या दिवशी घरी गेला ते असते. बातमी खोटी नसते. पण ती वाचून वाचकाची समजूत अशी होते की भारी यंत्र आले म्हणजे काम बिनचूक झाले. आम्ही शस्त्रक्रियागृहात आणि अतिदक्षता विभागात या यंत्रांशी रोज झटापट करणारी माणसे आहोत. कोणी भूल देतो, कोणी शस्त्रक्रिया करतो, कोणी यंत्रे दुरुस्त करतो. आमचे म्हणणे असे की डिजिटल उपचारांतली बहुतेक गफलत सांध्यावर होते. माहिती एका यंत्रातून दुसऱ्यात जाते किंवा माणसाच्या बोटांतून यंत्रात शिरते, त्या जागी. तिथे कोण उभे होते आणि त्याने काय पडताळून पाहिले, याबद्दल बातमीत अवाक्षर नसते.

मथळा रोबोटचा असतो म्हणून सुरुवात त्याच्यापासून. पोटाच्या शस्त्रक्रियांत वापरले जाणारे रोबोट स्वतःच्या मनाने काही कापत नाहीत. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००० साली ‘दा विंची’ या यंत्राला दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांसाठी परवानगी दिली, तेव्हापासून मूळ रचना तीच आहे. सर्जन थोड्या अंतरावरच्या कन्सोलवर बसतो, त्याच्या बोटांची हालचाल यंत्र लहान करून आणि थरथर गाळून आतल्या अवजारापर्यंत पोचवते. सर्जनचा हात तीन सेंटिमीटर हलला तर अवजार एकच सेंटिमीटर हलेल, असे प्रमाण लावता येते. हाडांच्या कामात ठरलेल्या रेषेपलीकडे अवजार जाऊ न देणारी यंत्रेही आहेत, पण रेषा आखतो माणूसच. ७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या सर्जननी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग येथील रुग्णाचे पित्ताशय काढले, त्याचे कौतुक आजही होते. संदेश जाऊन चित्र परत यायला सरासरी १५५ मिलिसेकंद लागत होते, हेही कधीकधी छापून येते. रुग्णाच्या उशाशी दुसरे सर्जन तयारीत उभे होते, हे मात्र सहसा गाळले जाते.

हा ‘उशाशी उभा असलेला’ माणूसच महत्त्वाचा. रोबोटचे हात एकदा अवजारे आत घालण्यासाठी पोटात बसवलेल्या नळ्यांना जोडले की टेबल हलवायचे नाही. टेबल आणि रोबोट एकमेकांशी जोडलेले असतील तरच अपवाद. नळीवरचा जाड काळा पट्टा पोटाच्या भिंतीच्या थरात बसला पाहिजे, कारण अवजार त्या बिंदूभोवती फिरते. पट्टा बाहेर राहिला तर प्रत्येक हालचालीला पोटाची भिंत ताणली जाते, आणि कन्सोलवर बसलेल्याला ते कळतही नाही. बहुतेक यंत्रांत हाताला ताण जाणवत नाही. धागा किती ओढला जातोय ते सर्जन डोळ्यांनी ओळखतो, म्हणून नवशिक्याकडून धागे तुटतात. (नव्या पिढीच्या यंत्रांत ताण जाणवण्याची सोय येऊ लागली आहे.) आणि रक्तस्राव झाला, हृदय थांबले किंवा यंत्र अडले, तर सगळे हात सोडवून यंत्र बाजूला ओढण्याचा ठरलेला क्रम असतो. अवजाराच्या चिमटीत काही धरलेले असेल तर आधी ते सोडायचे, यंत्र बंद पडले असेल तर त्यासाठीची छोटी चावी जवळ हवी. मग कॅमेऱ्यात बघत अवजारे बाहेर, मग हात नळ्यांपासून मोकळे, मग गाडी मागे. ही चावी कुठल्या खणात आहे हे रात्रपाळीच्या सिस्टरना ठाऊक आहे का, हा प्रश्न रोबोटला किती हात आहेत यापेक्षा मोलाचा आहे.

आता शस्त्रक्रियेच्या आखणीकडे वळू. सगळी डिजिटल आखणी प्रतिमेवर उभी असते, आणि प्रतिमेची सर्वाधिक वाट लागते ती फोनवर फोटो काढून पाठवताना. सीटी स्कॅनच्या एका चित्रात करड्या रंगाच्या ४०९६ पायऱ्या असतात. साधा पडदा २५६ दाखवतो. म्हणून पाहणारा एका वेळी त्यातला एक पट्टा निवडतो, मेंदूसाठी वेगळा, हाडासाठी वेगळा, फुफ्फुसासाठी वेगळा. मेंदूच्या नेहमीच्या अरुंद पट्ट्यात कवटीला लागून असलेला पातळ रक्तस्राव हाडाच्या पांढऱ्या रंगात मिसळून जातो. पट्टा रुंद केला की तो वेगळा दिसू लागतो. फिल्मवर छापताना पट्टा कायमचा ठरून जातो. त्या फिल्मचा खिडकीसमोर धरून फोटो काढला, तो संदेशातून पाठवला आणि ॲपने तो दाबून लहान केला, की उरते ते केवळ सूचक चित्र. त्यात मोजपट्टी नसते, रुग्णाचे नाव बहुधा कापले गेलेले असते, आणि फिल्म उलटी धरली असेल तर डावे उजवे होते. तातडीच्या वेळी ‘पाहून ठेवा’ म्हणायला असा फोटो ठीक आहे. त्यावरून मोजमाप करणे किंवा ‘काही नाही’ असा निर्वाळा देणे धोक्याचे. मूळ डायकॉम फाइल मागावी. १९९३ सालापासून या नावाने रूढ असलेल्या या मानकात प्रतिमेसोबत रुग्णाची ओळख, बाजू, कापाची जाडी आणि दोन ठिपक्यांतले अंतर हे सगळे बांधलेले असते.

खुब्याचा सांधा बदलताना संगणकावर आधी माप घेतात, तिथली चूक तर हमखास दिसते. क्ष-किरणाच्या चित्रात हाड मोठे दिसते, म्हणून सोबत माहीत असलेल्या मापाचा धातूचा गोळा ठेवतात, समजा २५ मिलिमीटरचा. संगणक गोळ्याचे चित्रातले माप पाहून किती पट मोठे दिसले ते काढतो. गोळा मांडीच्या बाहेरच्या बाजूला, हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचीवर धरायचा असतो. घाईत तंत्रज्ञ तो टेबलावरच ठेवतो. टेबल क्ष-किरण टिपणाऱ्या पटलाच्या जवळ, खुबा वर. त्यामुळे गोळा १.१ पट मोठा दिसतो आणि खुबा १.२ पट. खुब्याच्या खोबणीत बसणारी खरी ५० मिलिमीटरची वाटी चित्रात ६० दिसते, संगणक ६० ला १.१ ने भागतो आणि साडेचौपन्न सांगतो. वाट्या सहसा दोन-दोन मिलिमीटरच्या फरकाने येतात, म्हणजे आखणी दोन मापांनी फुगली. गोळा उंच धरला तर उलट, माप लहान येते. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही वेळा आकडा सारख्याच ठामपणाने उमटतो. उपाय साधा आहे. दुसऱ्या बाजूचा खुबा आधीच बदललेला असेल तर त्यातल्या धातूच्या चेंडूचे माप कागदोपत्री माहीत असते, त्यावरून ताडून बघावे. नाहीतर चित्रावर ‘गोळा कुठे धरला’ हे तंत्रज्ञाने लिहावे.

मेंदूच्या शस्त्रक्रियेतली दिशादर्शक यंत्रणा हा आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शिकवणारा भाग आहे, म्हणून थोडे सविस्तर. आधी एक मिलिमीटर किंवा त्याच्या आसपास जाडीच्या कापांचा स्कॅन. डोके खिळ्यांच्या चौकटीत पक्के बसवतात आणि चौकटीला चमकत्या गोळ्यांची एक चांदणी जोडतात. वरचा अवरक्त कॅमेरा या चांदणीला आणि सर्जनच्या हातातल्या सुईवरच्या गोळ्यांना पाहतो. मग डोक्यावरच्या खुणांना सुई टेकवून ‘हा बिंदू स्कॅनमधला तो बिंदू’ अशी जुळणी करतात. जुळणी झाली की तिच्यात किती फरक राहिला ते सांगणारा आकडा पडद्यावर येतो, समजा १.४ मिलिमीटर, आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. इथेच फसगत आहे. तो आकडा टेकवलेल्या खुणा एकमेकींशी किती जुळल्या ते सांगतो. गाठीपाशी चूक किती आहे ते तो सांगत नाही. सगळ्या खुणा कपाळावर आणि चेहऱ्यावर घेतल्या आणि गाठ डोक्याच्या मागच्या बाजूला असली, तर आकडा लहान असूनही गाठीपाशी नेम काही मिलिमीटर ढळलेला असू शकतो. म्हणून खुणा डोक्याच्या सर्व बाजूंनी, गाठीला मधोमध घेऊन निवडायच्या. रुग्णाला पालथे झोपवले की चेहऱ्याची कातडी लोंबते, खिळे घट्ट करताना कातडी ताणली जाते. त्यामुळे केवळ कातडीवर विसंबलेली जुळणी तिथे कच्ची राहते.

जुळणीनंतर सुई नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर आणि कानाच्या पुढच्या कूर्चेवर टेकवून पडद्यावर तीच जागा दिसते का हे पाहायचे. हे करायला मिनिटभरही लागत नाही. निर्जंतुक कापड अंथरल्यावर या खुणा झाकल्या जातात, म्हणून जाणकार सर्जन कवटी उघडण्याआधी तिच्या कडेला ड्रिलने तीन-चार बारीक खळगे करून त्यांची नोंद यंत्रात करून ठेवतात. पुढे कधीही शंका आली की सुई खळग्यात ठेवायची. शंका यायला कारणे पुष्कळ असतात. मदतनीसाचे कोपर चांदणीला लागले तर पडद्यावर काहीच बिघडलेले दिसत नाही, सगळा नकाशाच सरकलेला असतो. चमकत्या गोळ्यावर रक्ताचा थेंब उडाला तर कॅमेऱ्याला गोळ्याचा मध्य सरकलेला वाटतो. गोळा पुसावा किंवा बदलावा. कॅमेरा आणि चांदणी यांच्यामध्ये कोणी उभे राहिले तर यंत्र निदान तक्रार तरी करते, ती चूक त्यामानाने परवडली.

आणि मेंदूवरचे आवरण उघडले की द्रव वाहून जातो, मेंदू खाली बसतो. हे सरकणे एक सेंटिमीटर किंवा त्याहून जास्तही होते. स्कॅन कालचा, मेंदू आत्ताचा. त्यामुळे मोठ्या गाठीच्या कडा आवरण उघडण्याआधी, नकाशा ताजा असताना ठरवून घ्याव्या लागतात. पुढे अल्ट्रासाउंडने किंवा शस्त्रक्रियेदरम्यानच्या एमआरआयने नकाशा ताजा करता येतो. ती सोय नसेल तर अर्ध्या कामानंतर पडद्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवायचा. मणक्यांत हाच प्रकार वेगळ्या कारणाने होतो. चांदणी एका मणक्याला पकडलेली असते आणि प्रत्येक मणका स्वतंत्र हलतो, म्हणून तिथून दोन-तीन मणके दूर गेले की अचूकता घसरते.

स्कॅनवरून हाडाचे नमुने आणि शस्त्रक्रियेचे साचे छापणाऱ्या त्रिमितीय छपाईबद्दल फार लिहीत नाही. तिथे घोळ नेहमीचेच आहेत. छपाईच्या नेहमीच्या एसटीएल फाइलला एकक नसते, म्हणून नमुन्यासोबत ५० मिलिमीटरची एक पट्टी छापून ती व्हर्नियरने मोजावी. डावे-उजवे उलटू नये म्हणून अक्षर नमुन्यातच उठावाने कोरावे. सीटीत कूर्चा धडपणे दिसत नाही, त्यामुळे हाडावर बेतलेला साचा कूर्चेवर ठेवला की तेवढा वर उचलला जातो. पीएलए नावाचे स्वस्त प्लास्टिक साठेक अंशांना मऊ पडते आणि वाफेची निर्जंतुकी १२१ किंवा १३४ अंशांना होते. वाकडा झालेला साचा नुसत्या डोळ्याला सरळ वाटू शकतो.

रोबोट थोड्यांच्या वाट्याला येतो. औषधाचा सिरिंज पंप मात्र अतिदक्षता विभागात बहुतेक प्रत्येक खाटेशी असतो, कुठे एक तर कुठे सहा. त्याची बातमी कधी होत नाही, म्हणून इथे आम्ही मुद्दाम रेंगाळणार आहोत. रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरॲड्रेनलिनचे उदाहरण घेऊ (गणित समजावे म्हणून, डोस ठरवण्यासाठी नव्हे). ४ मिलिग्रॅम औषध ५० मिलीत, म्हणजे प्रत्येक मिलीत ८० मायक्रोग्रॅम. रुग्ण ६० किलोचा, सांगितलेला वेग दर किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. मिनिटाला ६, तासाला ३६०, म्हणजे पंप ताशी ४.५ मिली. आता पंपात एकक निवडताना ‘दर किलोमागे’ हे राहून गेले आणि नुसते मिनिटाला ०.१ झाले, तर वेग ताशी ०.०७५ मिली होतो. औषध जवळजवळ बंदच. उलट, कागदावर ‘मिनिटाला ६’ लिहिले होते आणि पंप ‘दर किलोमागे’ वर होता, तर ताशी २७० मिली. पंपात औषधांची यादी भरून प्रत्येकाला कमाल मर्यादा घातलेली असेल तर तो दुसरा आकडा स्वीकारणारच नाही. पण मर्यादा दोन प्रकारच्या असतात, एक इशारा देऊन पुढे जाऊ देणारी आणि एक अडवणारी. विभागात सगळ्या मर्यादा पहिल्या प्रकारच्या ठेवल्या असतील तर ‘होय’ दाबायची बोटांना सवय होते. आणि सिरिंजमध्ये दुप्पट तीव्रतेचे औषध भरले, यादीत मात्र जुनी तीव्रता निवडली, तर कुठलीच मर्यादा ओरडत नाही. पडद्यावर सगळे व्यवस्थित आणि रुग्णाला दुप्पट औषध. त्यामुळे एका विभागात एका औषधाची एकच तीव्रता ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

पंप औषध मोजत नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. तो फक्त दट्ट्या ढकलतो आणि सिरिंजच्या व्यासावरून किती मिली गेले याचा हिशेब करतो. ५० मिलीच्या दोन कंपन्यांच्या सिरिंजचा आतला व्यास थोडा वेगळा असतो. पंपात एक कंपनी निवडली आणि खाचेत दुसरीची बसवली तर वेग चुकतो आणि पडद्यावरचा आकडा बरोबरच दिसतो. दट्ट्याचे डोके पकडीत नीट बसले नाही आणि पंप रुग्णापेक्षा वर टांगलेला असला, तर औषध आपल्या भाराने ओढले जाऊन आपोआप आत जाऊ शकते. चालू पंप उंच उचलून खांबावर वर सरकवला तरी त्या क्षणी थोडे औषध जास्तीचे जाते. खाली आणला तर काही मिनिटे जातच नाही. रुग्णाला एका खोलीतून दुसरीकडे हलवताना रक्तदाब का उसळतो याची अनेक कारणे आहेत, त्यातले हे एक सहज टाळता येणारे.

नळी कुठेतरी दुमडली, तोटी बंद राहिली, तर पंप लगेच ओरडेल असे सगळ्यांना वाटते. पण अलार्म वाजतो तो नळीत पुरेसा दाब साचल्यावर, आणि ५० मिलीच्या सिरिंजला ताशी १ मिलीच्या वेगाने तेवढा दाब साचायला अर्धा तासही लागू शकतो. तोवर रुग्णाला औषध नाही. आणि अलार्म वाजल्यावर घाबरून तोटी उघडली की साचलेला सगळा दाब एकदम आत. बरोबर क्रम असा: पंप थांबवा, नळी रुग्णाच्या बाजूने सोडवा, दाब बाहेर जाऊ द्या, अडथळा काढा, नळीच्या टोकाला थेंब येतो ते पाहा, मग जोडा.

सिरिंज बदलतानाचा काळ सर्वांत नाजूक. नॉरॲड्रेनलिन रक्तात दोन-तीन मिनिटांतच निम्मे होते, त्यामुळे थोडा खंड पडला तरी रक्तदाब कोसळतो. संपत आल्याची सूचना वाजायची वाट पाहू नये. त्याआधीच दुसरी सिरिंज त्याच तीव्रतेची भरून, तिच्यावर औषध, तीव्रता आणि वेळ लिहून, दुसऱ्या पंपात बसवावी. नव्या सिरिंजचा दट्ट्या आणि पंपाचा ढकलणारा भाग यांच्यात बारीक फट असते. ती भरेपर्यंत औषध बाहेरच येत नाही. म्हणून नळी रुग्णाला न जोडता पंपाचे ‘पर्ज’ बटण टोकाला थेंब येईपर्यंत दाबावे. जोडल्यावर हे बटण कधीही दाबू नये. मग ठरलेल्या वेगाने पंप काही मिनिटे तसाच बाहेर चालू द्यावा, आणि तो चालू असतानाच रुग्णाजवळच्या तोटीला जोडून उघडावा. नजर रक्तदाबाच्या रेषेवर. दाब वर सरकू लागला की जुना पंप थांबवून त्याची तोटी बंद करावी. त्या मार्गातून नंतर दुसरे काही ढकलू नये, कारण नळीत उरलेले औषध त्यासोबत झटक्यात जाते.

‘यंत्रात सुरक्षा आहे’ एवढ्यावर थांबता येत नाही, याचा जुना धडा किरणोपचारातला आहे. थेरॅक-२५ या यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिल्याचे उघड झाले. आधीच्या यंत्रात धातूचे आणि विजेचे वेगळे अडसर होते. नव्यात ते काढून सगळी भिस्त संगणकाच्या आज्ञावलीवर ठेवली. कामगाराने पडद्यावर नोंद झटपट दुरुस्त केली की पडदा दुरुस्त नोंद दाखवायचा, आतली मांडणी मात्र जुनी-नवी मिसळलेली राहायची. तीच चूक जुन्या यंत्राच्या आज्ञावलीतही होती, फक्त अडसरांनी ती झाकली होती.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दल करोनानंतर घरोघरी माहिती झाली आहे, पण अर्धीच. तो ६६० आणि ९४० नॅनोमीटरच्या दोन प्रकाशांचे शोषण पाहून अंदाज बांधतो. धुरात गुदमरलेल्या माणसात कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते, म्हणून आकडा ९८ असूनही जीव धोक्यात असतो. काही औषधांनी रक्त तपकिरी पडते तेव्हा आकडा ८५च्या आसपास अडकतो, ऑक्सिजन कितीही द्या. गडद त्वचेत तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. थंड हातावर आकडा उशिरा बदलतो. आणि रक्तदाबाचा पट्टा त्याच हाताला बांधला असेल तर पट्टा फुगला की आकडा पडतो आणि अलार्म होतो. असे दर पंधरा मिनिटांनी झाले की कोणीतरी आवाज कमी करतो, मग खरा अलार्मही त्याच आवाजात दबतो. म्हणून पट्टा दुसऱ्या हाताला. छातीवरचे चिकट इलेक्ट्रोड रोज बदलावेत, त्याआधी त्वचा पुसून कोरडी करावी. मर्यादा रुग्ण पाहून लावाव्यात. जुनाट फुफ्फुसविकाराच्या ज्या रुग्णाला ८८ ते ९२ हेच लक्ष्य आहे, त्याला ९०ची खालची मर्यादा म्हणजे रात्रभर विनाकारण भोंगा.

संगणकीय नोंदींचे दोनच मुद्दे. पहिला घड्याळांचा. मॉनिटर, भूल यंत्र, प्रयोगशाळेचा संगणक आणि हृदयाला शॉक देणारे यंत्र या प्रत्येकात स्वतंत्र घड्याळ असते. जाळ्याला जोडलेली यंत्रे एका वेळेला बांधता येतात, पण शॉकचे यंत्र बहुधा सुटेच असते. ते सात मिनिटे पुढे असले तर नोंदीत हृदय थांबले १०.४० ला आणि शॉक मात्र प्रत्यक्षात १०.४२ ला देऊनही १०.४९ ला दिल्याचे दिसते, किंवा याच्या उलट. आणि पुढे चौकशीत त्यावर वकील भांडतात. महिन्यातून एकदा सगळी घड्याळे ताडून पाहायला एक माणूस नेमावा.

दुसरा मुद्दा सुरक्षा यादीचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची, तीन टप्प्यांत वाचायची यादी आणली. आठ शहरांतल्या रुग्णालयांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले होते. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ती सक्तीची केल्यावर १०१ रुग्णालयांत लक्षणीय फरक दिसला नाही, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कारणांवर वाद आहेत. आमच्या मते यादी म्हणजे सगळ्यांनी हातातले काम थांबवून मोठ्याने बोलणे. टॅबवर तिन्ही टप्प्यांच्या खुणा एकाच मिनिटात पडलेल्या दिसल्या तर यादी झालेली नाही, एवढे निश्चित. मनगटावरच्या बारकोडचेही तसेच. खाटेपर्यंत स्कॅनर पोचत नाही म्हणून पट्ट्यांच्या जादा प्रती छापून टेबलावर चिकटवलेल्या असतील, तर संगणक ओळख कागदाची पटवतो आणि औषध रुग्णाला जाते.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आपल्या पुरवणीत भरपूर छापून येते. तिथेही सांधा तोच. मधुमेहींच्या डोळ्यांचे फोटो तपासणारी एक प्रणाली थायलंडच्या दवाखान्यांत वापरली गेली, तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांत २१ टक्के फोटो तिने ‘तपासण्याजोगे नाहीत’ म्हणून परत केले. प्रणाली चांगली होती, पण दवाखान्यातल्या खोलीत पुरेसा अंधार होत नव्हता. छातीच्या क्ष-किरणावरून न्यूमोनिया ओळखायला शिकवलेल्या एका प्रणालीने, चित्र कोणत्या रुग्णालयातले आहे हे ओळखून अंदाज बांधल्याचे २०१८ मध्ये दाखवून दिले गेले. तेव्हा अशी प्रणाली घेताना आपल्याच रुग्णालयातली, निदान पक्के झालेली जुनी चित्रे तिला देऊन आधी परीक्षा घ्यावी.

सगळे बंद पडले तर काय, हे विचारणे पुष्कळांना अपशकुनी वाटते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या संगणक-विषाणूने ब्रिटनच्या आरोग्यसेवेचे संगणक अडकवले तेव्हा सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्या असाव्यात असा अंदाज निघाला. अशा वेळेसाठी प्रत्येक विभागात छापील केसपेपर आणि औषधपत्रके गठ्ठ्याने हवीत, चालू औषधांची यादी दर काही तासांनी जाळ्याबाहेरच्या एका संगणकावर उतरलेली हवी, आणि त्याला जोडलेले छापयंत्र खरोखर चालते का हे अधूनमधून करून बघायला हवे.

बातमीदारांना विनंती अशी. नव्या यंत्राची बातमी करताना तीन गोष्टी विचाराव्यात: यंत्र अडले तेव्हा काय करायचे याचा सराव शेवटचा कधी झाला, माप जुळवल्याची नोंद कोण ठेवतो, आणि यंत्र मध्येच सोडून उघड्या शस्त्रक्रियेकडे किती वेळा वळावे लागले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘एकदाही नाही’ असे आले तर आणखी खोदून विचारावे, कारण वेळीच माघार घेणे हा कामाचाच भाग आहे. नातेवाइकांनी घरी जाताना फिल्मबरोबर मूळ डायकॉम फाइलची डिस्क किंवा पेनड्राइव्ह मागून घ्यावा, आणि शरीरात बसवलेल्या भागाचे नाव, माप व क्रमांक असलेला स्टिकर आपल्या कागदांवर चिकटवला आहे का ते पाहावे.

पत्र लांबले याची कल्पना आहे. जागेअभावी कात्री लावावी लागली तर कृत्रिम बुद्धिमत्तेचा परिच्छेद खुशाल कापावा. सिरिंज बदलण्याचा क्रम मात्र पूर्ण छापावा किंवा अजिबात छापू नये. त्यातली मधली एक पायरी गळली तर ते वाचून काम करणाऱ्याच्या हातून अपघात होईल.

आपले,
शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकीत काम करणारे काही वाचक